प्रकल्प नोंदी: डोंगरातलं पाणी घरापर्यंत आणणे (मार्च ते मे २०२५)

५ मार्च, बुधवार

काल सकाळी पोचले. तुतारीने रत्नागिरी, तिथून पावसवरून पूर्णगडकडे जाणारी एसटी आणि मग वाडीपर्यंत बॅग ओढत पायी. आजी गेल्यापासून घर सात वर्षं बंद होतं. कुलूप उघडायला अर्धा तास लागला, शेवटी शेजारच्या काकीने खोबरेल आणून दिलं तेव्हा चावी फिरली.

मी इथे का आलेय ते आधी लिहून ठेवते, नंतर विसरायला होईल. चौदा वर्षं अकाउंट्समध्ये, त्यातली शेवटची पाच महिनाअखेरचं क्लोजिंग माझ्याकडे, रात्री अकराला परदेशातल्या टीमचा कॉल आणि सकाळी आठला ठाण्याहून लोकल. नोव्हेंबरात एटीएमसमोर उभी होते आणि पिन आठवेना, मागे लाईन लागलेली, आणि पिनच काय, मी तिथे कशाला आलेय तेही आठवेना. डॉक्टर म्हणाले झोप हवी. झोपच तर येत नव्हती, रोज पहाटे पावणेचारला जाग आणि जबडा घट्ट आवळलेला. तीन महिन्यांची बिनपगारी रजा मिळालीय, ३१ मेपर्यंत.

नुसतं बसून राहणं मला जमत नाही म्हणून एक काम घेतलंय. वाडीची विहीर सामाईक, एप्रिल संपता संपता तळ दिसायला लागतो, मग टँकर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारी ही जागा आणि मे महिन्यात बायका हंडे मांडून टँकरची वाट बघत बसतात, हे लहानपणी सुट्टीत यायचे तेव्हा नुसतं बघायचे, आता बघून पोटात तुटतं. आजोबांच्या वेळी डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पोफळीच्या पन्हळींमधून थेट आमच्या परसात यायचं. पन्हळी कुजल्या, आजोबा गेले, पाणी वरच राहिलं. तर काम हे, की ते पाणी पाईपने परत खाली आणायचं, नुसत्या उतारावर, मोटार न लावता, आमच्यासकट तीन घरांना. माणसं एकूण अकरा.

९ मार्च, रविवार

झरा: १५ लिटरची बादली, ५० सेकंद. म्हणजे मिनिटाला १८ लिटर.

काकीच्या नातवाबरोबर वर जाऊन आले. काकी एकटीला सोडायला तयार नव्हती, "बाय, तकडं येक मानूस ऱ्हातो, कुनाशी बोलत नाय तो."

आमच्याकडे सड्यालाच, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारालाच, डोंगर म्हणतात. चढ दमवणारा आहे, मी तीनदा बसले. झरा सड्याच्या कडेखाली, जिथे जांभा संपून पांढरट चिकणमाती लागते तिथे. जांभा भोकाभोकांचा, पावसाळाभर पाणी पिऊन घेतो, ते झिरपत खाली येतं आणि चिकणमाती आडवी आली की बाजूने बाहेर पडतं. म्हणजे मी आज बादलीत मोजलं ते गेल्या जुलै-ऑगस्टचं पाणी, हे कळल्यावर मी ओंजळभर पाणी घेऊन नुसती बघत बसले.

झऱ्यापासून वीसेक पावलांवर मातीच्या भिंतींचा जुना गोठा आहे, गवताने शाकारलेला, त्यात ते गृहस्थ राहतात. पंचेचाळीस-सेहेचाळीस वय असेल. आम्ही बादली लावून मोजत होतो तेव्हा लांब उभे राहून बघत होते. मी सांगितलं की मी खालच्या घरातली नात, पाणी खाली न्यायचा विचार आहे. त्यांनी विचारलं, "सगळं?" मी म्हटलं जेवढं मिळेल तेवढं. मान हलवून आत गेले. बस, एवढंच.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. झऱ्याखाली तीन दगड मुद्दाम रचलेत, तिन्ही वेगळ्या उंचीचे, पाणी एकावरून दुसऱ्यावर पडतं. कपडे धुवायला म्हणावं तर तशी जागा नाही. कारण कळलं नाही.

१२ मार्च, बुधवार

सातबारा काढला. झऱ्याची जागा सामाईक, २३ नावं, त्यातली काही आता हयातच नाहीत. बाबांनी भावकीच्या ग्रुपवर टाकलं, दोन दिवस फोनाफोनी झाली, सगळ्यांचा होकार आला. एक चुलतकाका अहमदाबादहून म्हणाले, पाणी आलं की एक बाटली पाठव. ते गमतीत नव्हते.

१८ मार्च, मंगळवार

शिमग्याची पालखी घरी आली. सात वर्षांनी आमच्या अंगणात पालखी नाचली, काकीने ओटी भरायला शिकवलं, आणि गावकाराने कामासाठी गाऱ्हाणं घातलं, प्रत्येक वाक्याला सगळे मिळून "होय म्हाराजा". मला रडू आलं. ढोलाचा आवाज सड्यापर्यंत जात असणार. वरचे ते गृहस्थ कधीच खाली येत नाहीत पालखीला, लोक म्हणतात देवधर्म मानत नाही.

२२ मार्च, शनिवार

झरा: ५८ सेकंद.

उतार मोजायचं काम. पारदर्शक लेव्हल पाईपमध्ये पाणी भरून दोन टोकांना दोघांनी उभं राहायचं, पाण्याची पातळी बघून फरक लिहायचा, मग पुढे सरकायचं. सकाळी काकीच्या नातवाबरोबर केलं, पाईपमध्ये हवेचा बुडबुडा राहिला आणि दोन तासांचे आकडे फुकट गेले. मुलगा कंटाळून क्रिकेटला पळाला. मी झाडाखाली डोकं धरून बसले होते, आणि वरचे ते गृहस्थ उतरून आले, पाईप उलटा करून बुडबुडा काढला, दुसरं टोक उचललं आणि म्हणाले, "लिहा तुम्ही."

संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून मोजलं. एकूण उतार ३८ मीटर, पाईपची वाट ६५० मीटर. दहा मीटर उताराला साधारण एक किलोचा दाब येतो, म्हणजे तळाला पावणेचार किलोच्या आसपास, म्हणून सहा किलोचा पाईप घ्यायला त्यांनी सांगितलं, ३२ एमएम. दिवसभरात मिळून दहा वाक्यं बोलले असतील आणि दहाही वाक्यं कामाची. इतक्या वर्षांत माझ्या आजूबाजूला कोणी इतकं कमी बोललं नव्हतं आणि माझं काम इतकं पुढे सरकलं नव्हतं.

रात्री साडेनऊला झोपले, जाग आली तेव्हा पाच वाजले होते.

३० मार्च, रविवार, पाडवा

पाईप आला, टेम्पोने वाडीच्या तोंडापर्यंत. २६ हजार गेले, भाडं वेगळं. वाडीतल्या चार पोरांनी गुंडाळ्या खांद्यावरून वर चढवल्या, एकानेही पैसे घेतले नाहीत. गुढी उतरवल्यावर साखरेच्या माळेतला तुकडा आणि कडुनिंब वर गोठ्यातल्या त्या गृहस्थांना नेऊन दिला. त्यांनी कडुनिंब आधी खाल्ला, सगळा, मग साखर.

५ एप्रिल, शनिवार

झरा: ७४ सेकंद.

सकाळी जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

झऱ्याच्या तोंडाशी जांभ्याची पेटी काल पूर्ण झाली, तळाला गोटे, तोंडाला जाळी, वर फरशीचं झाकण. पहिला शंभर मीटर पाईप जोडला आणि झऱ्याचं सगळं पाणी त्यात घातलं. मस्त चाललं, मी खुशीत खाली आले. आज वर गेले तर पाईप पेटीतून काढलेला, तोंडात चिंधी कोंबून नीट बाजूला ठेवलेला, आणि पाणी परत त्या तीन दगडांवरून. मी सरळ त्यांच्या दारात जाऊन बोलले आणि जरा जास्तच बोलले. तीन घरांच्या पाण्याचा प्रश्न आहे, तुमचं काय, तुम्ही एकटे राहता, तुम्हाला लोकांशी काही घेणंदेणं नाही, असं सगळं. त्यांनी मधे तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "रात्रभर झोप नाही लागली. पाणी वाजायचं बंद झालं ना."

मग सांगितलं. बोटीवर होते, इंजिन रूममध्ये फिटर, बावीसाव्या वर्षापासून. कानावर लावायचे ते कव्हर मिळायचे, पण गळती कुठे आहे, बेअरिंग कुठे खरखरतंय ते कानानेच कळायचं, म्हणून काढून ठेवायचे. २०१४ला घरी परत आले तेव्हापासून दोन्ही कानांत शिट्टी आहे. लांबच्या घरात कुकरची शिट्टी होते ना तशी, पण ती थांबत नाही. दिवसा काम असलं की तेवढी कळत नाही, रात्री सगळं शांत झालं की वाढते. डॉक्टरांनी सांगितलं हे पूर्ण जाणार नाही, दुसरा कुठला तरी मऊ आवाज जवळ ठेवा, म्हणजे ती त्यात झाकली जाईल. पंखा लावून बघितला, रेडिओची खरखर लावून बघितली, घरातल्यांना त्रास. कुठे ढोल वाजला, फटाके फुटले की दुसऱ्या दिवशी शिट्टी दुप्पट. आई होती तोपर्यंत खालीच काढले दिवस. आई गेल्यावर २०१६च्या मेमध्ये एकदा सुटलेली गाय शोधत वर आले, झऱ्यापाशी दम खायला बसले आणि तिथेच झोप लागली, चांगली चार तास. गाय आपली आपण घरी गेली होती.

ते तीन दगड त्यासाठी आहेत. वरच्याचा आवाज जाड, मधल्याचा मध्यम, खालच्याचा बारीक. शिट्टी बारीक आवाजाखालीच झाकते. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की ते दगड बोटभर इकडेतिकडे सरकवतात आणि आवाज परत जुळवतात.

आणि आम्ही खाली बसून ठरवलं होतं, की हा माणूस देव मानत नाही म्हणून पालखीला येत नाही.

मी माफी मागितली. त्यांनी काहीच म्हटलं नाही, चहा ठेवला. मी दगडांपाशी बसून ऐकलं, पहिल्यांदा नीट ऐकलं. बोलण्याच्या ओघात मी सांगून टाकलं की मलाही पहाटे पावणेचारला जाग येते. ते म्हणाले, "माहितीय. तुमच्या माजघरातला दिवा दिसतो इथून. पहिल्या दिवसापासून."

८ एप्रिल, मंगळवार

तीन दिवस पाईपला हात लावला नाही, नुसता कागद आणि पेन. पाणी त्यांना रात्री वाजायला हवं, आम्हाला ते टाकीत हवं, कधी येतं याच्याशी आम्हाला काही नाही. मग पेटीला बॉल व्हॉल्व बसवायचा. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा पाईपमधून खाली, संध्याकाळी व्हॉल्व बंद केला की पेटी भरून वरच्या खाचेतून पाणी दगडांवर. मे महिन्यात मिनिटाला ६ लिटर जरी उरलं तरी बारा तासांत ४,३२० लिटर. अकरा माणसं, चार गुरं आणि परसातली पोफळं, सगळ्यांना पुरून उरतं.

कागद त्यांना दाखवला. त्यांनी गुणाकार परत करून बघितला. मी विचारलं, रोज सकाळी सहाला व्हॉल्व उघडायला डोंगर कोण चढणार. "मी आहे ना वर," ते म्हणाले.

१४ एप्रिल, सोमवार

पाणी आलं! दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी.

खरं सकाळीच यायला हवं होतं. सगळे सांधे झाले, वर व्हॉल्व उघडला आणि खाली थेंब नाही. पाईप मधे एका टेपाडावरून जातो, तिथे हवा अडकली असणार हे दोघांनाही कळत होतं, पण टेपाडं तीन आहेत. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक पाईपला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला, आणि वाकून पावलापावलाने पुढे सरकत गेले. बाहेरचं नीट ऐकू येत नाही त्या माणसाला, पण हाडातून पाणी ऐकत होते. दुसऱ्या टेपाडावर थांबले, "इथे." तिथे पाईप कापून टी बसवला आणि वर हातभर उभी नळी सोडली हवा निघायला. नळीने आधी फुस्स केलं, मग खोकल्यासारखा आवाज, मग मी टाकीकडे धावत सुटले.

काकीने नळाला हळदकुंकू लावलं, पहिला हंडा देवासाठी भरला, दुसरा स्वतःच्या घरी नेला. ते खाली आले नाहीत, टेपाडावरून हात केला.

१७ एप्रिल, गुरुवार

सहा वाजून पाच मिनिटांनी टाकीत पाणी पडायला लागतं. आधी पाईपमधली हवा सुस्कारा टाकते, मग धार. आज सलग तिसरा दिवस मी त्या आवाजाने उठतेय. मधे पावणेचारला जाग येतेच, पण आता वाटतं की सहाला वर कोणीतरी उठून व्हॉल्वपाशी जाणारच आहे, आणि मग पुन्हा डोळा लागतो. हे कामाच्या नोंदीत बसतं की नाही माहीत नाही. माझ्या मते बसतं.

१९ एप्रिल, शनिवार

वणवा. दुपारी दोनच्या सुमाराला सड्याच्या उत्तरेकडून. कोणी लावला, कसा लागला कळलं नाही, दरवर्षी लागतो आणि दरवर्षी कोणाच्या तरी काजू-आंब्याच्या बागा जातात. वाळलेलं गवत आणि खारा वारा, बघता बघता पट्टा पुढे सरकत होता. वाडीतली पंधरा माणसं ओले टहाळे घेऊन वर आली. किंजळीच्या फांद्यांनी झोडपत दोन तास. तो त्याच्या घराकडे न जाता पाईपच्या बाजूने गवत कापत जाळरेषा काढत होता. मी ओरडले की घराचं छप्पर गवताचं आहे, आधी तिकडे जा, तर म्हणाला, "छपराचं गवत मी परत कापेन. पाईपला २६ हजार गेलेत तुमचे."

घर वाचलं. पाईप बारा मीटर वितळला, बाकी जाळरेषेमुळे राहिला. रात्री सगळी माणसं झऱ्यावर हातपाय धुवायला बसली, नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याच्या अंगणात इतकी माणसं. कोणी मोठ्याने बोललं नाही. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं असावं. काकीच्या मुलाने जाताना विचारलं, "येत जा ना खाली कधी." तो म्हणाला बघू.

वरच्या ओळींत मी त्यांना 'तो' लिहिलंय, आत्ता वाचताना दिसलं. खोडत नाही.

२० एप्रिल, रविवार

झरा: ९५ सेकंद. जळलेला तुकडा बदलला. उघड्यावर होता तेवढा पाईप वीतभर मातीखाली गाडायला सुरुवात.

२७ एप्रिल, रविवार

सुट्टी घेतली. कशेळीच्या हत्तीपर्यंत चालत गेलो, पहाटे चारला निघालो (दोघंही जागेच होतो), पूर्णगडची खाडी ओलांडून पुढे गावखडीवरून. त्याला गाडीवर बसणं नको असतं, आणि मला चालताना कळलं की मला कोणाबरोबर न बोलता तीन तास चालता येतं.

सड्याच्या कातळात कोरलेला हत्ती, जवळजवळ १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, त्यात कशेळीही आहे. कोणी कोरली, का कोरली, काही लिहून ठेवलेलं नाही. तो हत्तीच्या पायापाशी बसून म्हणाला की इथे कोरायला बसलेल्या माणसाला हाक मारली तर ऐकू गेलं नसतं, छिन्नीचा आवाज. मी विचारलं त्याचेही कान वाजत असतील का रे रात्री. 'रे' निघून गेला तोंडातून. त्याने हसून मान हलवली, की असतील.

येताना त्याचा तळहात माझ्या पाठीला टेकला, खाडीच्या उतारावर घसरले तेव्हा, आणि घसरणं संपल्यावरही थोडा वेळ तिथेच होता.

६ मे, मंगळवार

झरा: १२८ सेकंद. मिनिटाला सात लिटर.

विहीर गेल्या आठवड्यात आटली. टँकर येतो पण आमच्या तीन घरांसमोर थांबावा लागत नाही, आणि संध्याकाळी खालच्या आळीतल्या चार बायका आमच्या टाकीवर येतात. पुरतं.

ऑफिसातून फोन, १ जूनला येताय ना, जूनचं क्वार्टर तुमच्याशिवाय कसं होणार. फोन ठेवला तर जबडा आवळलेला, दोन महिन्यांत पहिल्यांदा.

वाडीत बोलणं सुरू झालंय. ठाण्यात एकटी राहणारी, घटस्फोट झालेली, रोज डोंगरावर जाते. मला ते लागलं, लागलं नाही असं लिहिणार नाही. काकीला विचारलं तिला काय वाटतं. ती तांदूळ निवडत होती, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्याच्या आयशीनं माज्या हातात हात देऊन सांगितलान हुता, येकटा पडंल गो तो." आणि परत निवडायला लागली.

११ मे, रविवार

सहा पाच झाले, पाणी नाही. साडेसहा, नाही. सात वाजता मी चपला घातल्या. वाटेत प्रत्येक सांध्यावर हात ठेवून बघितलं, पाईप गार, रिकामा. मनात काय काय आलं ते लिहीत नाही. चढ एका दमात चढले, मार्चमध्ये तीनदा बसले होते.

दार उघडं होतं आणि तो झोपला होता. उताणा, तोंड जरासं उघडं, एक हात चटईच्या बाहेर. श्वास नीट. काल रात्री आम्ही अकरापर्यंत बोलत बसलो होतो, त्याच्या बोटीवरच्या दिवसांचं, माझ्या लग्नाचं, आईबापांचं, मग मी बॅटरी घेऊन उतरले. मी उठवलं नाही. बाहेर दगडांपाशी बसले, दीड तास बसले. ऊन चढलं, वाडीचं पाणी खोळंबलेलं, तरी बसले.

पावणेनऊला व्हॉल्व मीच फिरवला. दगडांवरचा आवाज थांबला आणि आतून लगेच चाहूल आली. आवाज थांबला म्हणून जागा झाला. डोळे चोळत बाहेर आला, उन्हाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आधी का नाही उठवलंस?"

उठवलंस म्हणाला.

मी सांगितलं की झोपलेला बघत होते. मग दोघंही गप्प. मग मी म्हटलं की माझी रजा ३१ला संपते. तो म्हणाला माहितीय, बादलीच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलंयस. आणि मग, दगडांकडे बघत, "मी खाली राहू शकेन का मला माहीत नाही. पण तू वर येणं बंद झालं तर हे पाणी मला पुरायचं नाही."

मी त्याचा हात धरला. खाली उतरले तेव्हा साडेदहा झाले होते आणि टाकी पाऊण भरली होती, काकीने काहीही विचारलं नाही.

२१ मे, बुधवार

काल संध्याकाळपासून पाऊस. मे महिन्यात असा पाऊस मी बघितलेला नाही. घराची कौलं अर्धीच चाळून झालीयत, मिरगाच्या हिशोबाने काम लावलं होतं, हातात अजून पंधरा दिवस धरले होते. आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याआधीचं, लाकूडफाटा भरणंही राहिलंय सगळ्यांचं. वाडीतले चौघे आले, भर पावसात पडवीवरची कौलं बसवून दिली.

२४ मे, शनिवार

अरबी समुद्रातलं कमी दाबाचं तीव्र क्षेत्र रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे किनाऱ्यावर आलं. सकाळपासून वारा, लाईट नाही, व्हाळ लाल पाण्याने भरून वाहतोय. फोनला रेंज असताना शेवटची बातमी वाचली ती अशी, की मान्सून केरळात आजच दाखल, १ जूनच्या ऐवजी. वर जाता येत नाही, वाट निसरडी. दर तासाला अंगणात जाऊन सड्याकडे बघते, काही दिसत नाही.

दुपारी चारला तो आला. डोक्यावर इरलं, खांद्याला पिशवी, हातात व्हॉल्वचा दांडा. शाकारणी उडाली म्हणाला, वणव्यानंतर नवीन गवत घालायचं राहून गेलं होतं. पाणी गढूळ झालंय म्हणून पाईप सोडवून आलोय, दांडा हरवायला नको म्हणून आणला. काकीने गरम पेज दिली आणि कोरडं धोतर, तिच्या नवऱ्याचं.

रात्री पडवीत त्याची चटई घातली. मी आत, मधे दार उघडं. मला भीती होती, की या घरात झरा नाही, दगड नाहीत, रात्री त्याची शिट्टी वाढेल आणि पहाटे उठून निघून जाईल, परत येणार नाही. दहाच्या सुमाराला वारा पडला, पाऊस तसाच. कौलांवरून पागोळ्या गळत होत्या, अंगणाच्या कडेला फरशीवर पडणाऱ्या जाड आवाजाच्या, मातीत पडणाऱ्या मऊ, आणि कोपऱ्यात पालथ्या घातलेल्या पितळी पातेल्यावर एक बारीक. तो उठून बसला. मी म्हटलं काय झालं. त्याने बोट वर केलं, थांब. मग अंधारात अंगणात गेला, पातेलं वीतभर डावीकडे सरकवलं आणि येऊन परत झोपला.

२६ मे, सोमवार

झरा: ४१ सेकंद. सकाळी पाऊस कमी झाला तेव्हा दोघं वर जाऊन मोजून आलो. मान्सून मुंबईतही पोचला म्हणे, इतक्या लवकर आधी कधीच आला नव्हता.

ऑफिसला मेल टाकला. नोटीस तीन महिन्यांची, म्हणजे २५ ऑगस्टपर्यंत, आणि गणपती २७ला आहेत. मी जूनमध्ये जाणार, ते तीन महिने भरणार आणि गणपतीला परत. रत्नागिरीत दोन व्यापाऱ्यांची जीएसटीची कामं मिळतील असं बाबांच्या ओळखीचे म्हणाले, तेवढ्यावर भागेल की नाही अजून हिशोब केलेला नाही, करायला भीती वाटतेय पण करेन. त्याला हे सगळं सांगितलं. त्याने वहीत तारीख लिहून घेतली. तोपर्यंत वरच्या छपराचं गवत आणि खालची उरलेली कौलं, दोन्ही त्याच्याकडे. दोन्हीकडे राहीन म्हणाला, आवाज जिथे असेल तिथे.

पाईपचं राहिलेलं काम: पेटीतला गाळ ऑक्टोबरात काढणे, टेपाडावरची हवेची नळी बदलणे, खालच्या आळीपर्यंत आणखी २०० मीटर.

आत्ता दुपारचे तीन. तो पडवीत झोपलाय. कोपऱ्यातली पागोळी मोजली: १५ लिटरची बादली, ७० सेकंद. बादली वाजून तो उठू नये म्हणून तळाला फडकं घातलं होतं.